रान तेवढंच, गुंठे वाढले

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वीस ते तीस हजारातल्या मोबाइलचा तक्ता छापला होता, त्यात बॅटरीच्या रकान्यात बॅटरी, रॅमच्या रकान्यात रॅम आणि कॅमेऱ्याच्या रकान्यात नुसता मेगापिक्सेलचा एक आकडा (पिक्सेल म्हणजे फोटोतला एकेक ठिपका, असे दहा लाख म्हणजे एक मेगापिक्सेल), ५०, ६४, १०८, २००. आणि खाली एक ओळ, की फोटोची हौस असेल तर जास्त मेगापिक्सेलवाला बघा. सोमवारी सकाळी मी शटर वर करतोय तोवर एक जण ती पुरवणीच घडी करून घेऊन आला, काका, पोरीला घ्यायचाय, १०८ चा घेऊ का २०० चा? माझा कराडला फोटो स्टुडिओ आहे, २७ वर्षं झाली, रोल धुवायच्या काळापासूनचा धंदा. त्याला पाऊण तास समजावलं, दोन चहा माझे गेले, आणि संध्याकाळी पठ्ठ्या २०० चाच घेऊन दाखवायला आला. म्हणून म्हटलं एकेकाला समजावत बसण्यापेक्षा जिथून सुरू झालंय तिथंच लिहावं.

आधी एक प्रसंग सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा आला, वडील गेलेले, तेराव्याला हार घालायला फ्रेम पाहिजे होती, सोळा बाय वीसची. मोबाइल पुढं केला आणि म्हणाला १०८ मेगापिक्सेलचा आहे काका, केवढा पण मोठा करा. फोटो बघितला तर साखरपुड्यातला ग्रुप फोटो, रात्रीचा, मांडवात, चाळीसेक माणसं आणि वडील मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. तो पण मूळ फोटो नाही, चुलत्यानं काढलेला, आत्याकडून फॅमिली ग्रुपवर आणि तिथून याच्याकडं आलेला. व्हॉट्सॲप साध्या सेटिंगला फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून सोडतं, म्हणजे राहिले किती, दोन मेगापिक्सेल पण नाही. वडिलांचा चेहरा मोठा करून मोजला, रुंदीला साठ पिक्सेल. तो चेहरा फ्रेममध्ये सहा इंच रुंद करायचा म्हटलं तर एका इंचाला दहा ठिपके, नाकडोळे सोडा, गडी का बाई तेवढं कळेल. चांगल्या प्रिंटला आम्ही इंचाला तीनशे धरतो, भिंतीवर लांबून बघायची फ्रेम असली तर दीडशे-पावणेदोनशेवर भागतं. म्हटलं मूळ फाइल तरी मागव, ती मागवली तर ती ४००० बाय ३००० निघाली, म्हणजे १२ मेगापिक्सेल. पोरगा म्हणतोय अहो पण चुलत्याचा मोबाइल पण १०८ चाच आहे.

इथंच सगळी गोम आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसते. १०८ चा मोबाइल रोजच्या सेटिंगला १०८ चा फोटो काढतच नाही. तो नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ चा फोटो देतो. २०० वाला सोळा-सोळा एकत्र करून साडेबाराचा देतो. विश्वास नसेल तर गॅलरीत फोटोची माहिती उघडून बघा, ४०८० बाय ३०६० असा आकडा दिसेल, गुणाकार करा. पूर्ण २०० चा पाहिजे असेल तर वेगळं बटण शोधावं लागतं, मग फाइल कित्येक पट मोठी होते, एक फोटो काढला की मोबाइल जरा वेळ विचार करत बसतो आणि चार दिवसात स्टोरेज फुल.

आता कंपनी स्वतःच सोळाचा एक का करते? तर आपल्याकडच्या रानाचं गणित लावा, लगेच कळेल. फोटोचं पीक येतं ते उजेडावर आणि उजेड पडतो तो सेन्सरवर, म्हणजे लेन्सच्या मागं बसवलेल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर. सेन्सर म्हणजे रान. माझा जुना निकॉनचा डी-९० कॅमेरा आहे, २००८ चं मॉडेल, १२.३ मेगापिक्सेल, त्याचं रान २३.६ बाय १५.८ मिलिमीटर. मोबाइलमधला भारीतला २०० चा सेन्सर घ्या, तो साधारण १० बाय ७ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. म्हणजे माझं रान पाचपट, आणि त्यात गुंठे, म्हणजे पिक्सेल, सव्वा कोटी. त्याचं रान पाचवा हिस्सा आणि गुंठे वीस कोटी. मेगापिक्सेल म्हणजे नुसती वाटणी आहे हो, सातबाऱ्यावर नावं वाढली म्हणून रान वाढत नाही. उलट वाटण्या झाल्या की प्रत्येक दोघांत बांध येतो, सेन्सरवर पण शेजारच्याचा उजेड आपल्यात सांडू नये म्हणून पिक्सेल-पिक्सेलमध्ये भिंत घालावी लागते, ते बांधच. मग एकेकाच्या वाट्याला इतका कमी उजेड येतो की संध्याकाळ झाली की पीक नाही नुसतं तण, म्हणजे ते फोटोत रांगोळी सांडल्यासारखे रंगीत ठिपके दिसतात ते. म्हणून सोळा भावांनी परत सामायिक करायचं आणि एकच खळं करायचं. कंपनीनं हे केलं ते शहाणपणच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, फक्त मग पाटी वीस कोटी खातेदारांची का लावता?

अजून एक गंमत, पिक्सेलला स्वतःला रंग कळत नाही, प्रत्येकावर लाल, हिरवी नाहीतर निळी काच असते आणि बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरतात. ही पद्धत कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, १९७६ चं पेटंट, अजून जवळपास सगळे कॅमेरे तीच वापरतात. आता २०० च्या सेन्सरवर सोळा पिक्सेलच्या अख्ख्या चौकोनावर एकाच रंगाची काच असते. सोळा गुंठ्यांत एकच पीक. मग पूर्ण २०० चं बटण दाबलं की सॉफ्टवेअर बसून अंदाजानं मधले रंग भरतं. उजेड भरपूर असेल तर अंदाज बरा येतो, नसेल तर झाडाच्या पानांचा पोहे भिजवल्यासारखा लगदा होतो.

आणि लेन्स? तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. २०० वाल्यांच्यातला एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड, म्हणजे एका केसाच्या जाडीत शंभराच्या वर पिक्सेल. केशरी-लाल उजेडाची लाटच ०.६ मायक्रॉनची, म्हणजे पिक्सेल आता उजेडाच्या लाटेएवढा झालाय. आणि एफ १.७ ची लेन्स (एफ नंबर म्हणजे लेन्सचं भोक केवढं ते, नंबर जेवढा लहान तेवढं भोक मोठं), कितीही भारी काच घाला, उजेडाचा टिंब सव्वादोन मायक्रॉनच्या आत बारीक पाडू शकत नाही, तो निसर्गाचा नियम आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. म्हणजे एकच टिंब तीन-चार पिक्सेलच्या रुंदीवर पसरणार. जाड बोरूनं बारीक रेघांच्या वहीत लिहायला बसल्यासारखं आहे ते, रेघा अजून बारीक छापल्या म्हणून अक्षर बारीक येत नाही. त्यात ती काच खिशात घासलेली, बोटांचं तेल लागलेलं. माझ्याकडं कुणी फोटो धुरकट येतोय म्हणून तक्रार घेऊन आला की मी आधी सुती रुमाल देतो, निम्म्यांचं काम तिथंच होतं.

नुसतं शास्त्र सांगतोय असं नको वाटायला म्हणून करून पण बघितलं. एका गिऱ्हाइकाचा २०० चा मोबाइल मागून घेतला आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर गेलो, घाटावर ट्रायपॉड लावला. दुपारी दोन वाजता एक फोटो साध्या सेटिंगला, एक पूर्ण २०० ला. मग दिवेलागणीला परत तेच दोन. चारही बारा बाय अठराला प्रिंट मारले. खरं ते खरं सांगतो, दुपारचा २०० चा फोटो थोडा सरस आला, पलीकडच्या काठावरच्या झाडांत फांद्या जरा सुट्या दिसतात, भिंग लावलं तर जास्तच. म्हणजे फायदा अगदीच नाही असं म्हणणारा पण खोटं बोलतोय. भरदुपार आहे, मोबाइल हलत नाहीये, समोरचं हलत नाहीये आणि तुम्हाला फोटोचा एक कोपरा कापून मोठा करायचाय, तर जास्त मेगापिक्सेल कामाला येतात. दोन पट झूम पण त्यातूनच बरा मिळतो, सेन्सरचा मधला भाग कापून घेतात. पण संध्याकाळचे दोन प्रिंट शेजारी ठेवले की बोलायचं काम नाही. १२ वाल्यात घाटाच्या पायऱ्या मोजता येतात, २०० वाल्यात पायऱ्यांची खिचडी आणि आभाळात जांभळे-हिरवे डाग. आणि आपण फोटो काढतो कधी? वाढदिवस रात्री, हळद संध्याकाळी, बारसं घरात ट्यूबलाइटखाली. भरदुपारी ट्रायपॉड लावून कोण बारसं करतंय.

बरं लागतात किती पिक्सेल ते पण बघा. चार बाय सहाचा प्रिंट इंचाला तीनशेनं मारायचा तर २१-२२ लाख पिक्सेल, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेल पण नाही. आठ बाय बाराला पावणेनऊच्या आत. घरातला फोर-के टीव्ही म्हणजे ८३ लाख पिक्सेलचा. ॲपलनं २०१५ च्या आयफोन सिक्स-एसपासून २०२१ च्या थर्टीनपर्यंत मेन कॅमेरा १२ च्या वर नेला नाही, ४८ चा आला तो २०२२ च्या फोर्टीन प्रोला, आणि त्या सगळ्या वर्षांत लग्नात लोक "अरे आयफोनवाल्याला काढू दे" असंच म्हणत होते. सोनीचा ए-सेव्हन-एस-थ्री कॅमेरा आहे, २०२० चा, निघाला तेव्हा लेन्सशिवाय नुसती बॉडीच तीन लाखाच्या वर होती, १२.१ मेगापिक्सेल, अंधारात शूटिंग करणारे त्याच्यावर जीव टाकतात, का तर ३६ बाय २४ चं रान आणि खातेदार थोडे.

उलटी बाजू पण आहे. २०१२ ला नोकियानं ८०८ प्युअरव्ह्यू मोबाइल काढला होता, ४१ मेगापिक्सेल, तेव्हा आम्ही हसलो होतो. पण त्यांनी रान पण मोठं दिलं होतं आणि सरळ सांगितलं होतं की ४१ चे ५ करून फोटो देतो, ते ५ नीट देतो. जास्त मेगापिक्सेल कसे वापरायचे ते त्यांना कळलं होतं. मात्र त्याच वर्षी त्याच नोकियानं ल्युमिया ९२० च्या जाहिरातीत सायकलवरच्या पोरीचा व्हिडिओ मोबाइलनं काढल्यासारखा दाखवला आणि मागच्या काचेत मोठा कॅमेरा धरलेला माणूस दिसला, मग माफी मागायला लागली. तेव्हापासून मी कुठलीही मोबाइलची जाहिरात बघताना आधी काचा बघतो, सवयच लागलीय.

त्या पोराची फ्रेम राहिली सांगायची. दुसऱ्या दिवशी तो परत आला, बोलताबोलता कळलं की त्याच्या बहिणीच्या लग्नाचं काम २०११ ला मीच केलं होतं. जुनी हार्ड डिस्क काढली, पंखा लावून थंड करत करत चालू केली, आणि सापडला, वडील फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे, एकटे, डी-९० वर काढलेला उभा फोटो. १२ मेगापिक्सेल. सोळा बाय वीसला इंचाला पावणेदोनशे ठिपके बसले. कपाळावर लहानपणी लागल्याची खूण होती ती पण आली, हल्लीच्या मोबाइलनं ती ब्युटी करून पुसलीच असती. पोरगं फ्रेम हातात घेऊन दुकानातच बराच वेळ बसून राहिलं.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा मेगापिक्सेल खुशाल छापा पण शेजारी सेन्सरची साइज टाका, लेन्सचा एफ नंबर टाका, ओआयएस म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेणारी सोय आहे का ते टाका. साइज इंचात देतात, एक भागिले १.३ वगैरे, तो इंच पण खरा इंच नाही, जुन्या काळच्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळीवरून आलेला आहे, पण तुलनेला चालतो, खालचा आकडा जेवढा लहान तेवढं रान मोठं, वाचकांना एक ओळीत सांगता येईल. आणि मागं जी दोन मेगापिक्सेलची मॅक्रो म्हणजे अगदी जवळच्या फोटोची नाहीतर डेप्थ म्हणजे अंतर मोजायची भिंगं नुसती शोभेला बसवलेली असतात ती मोजून "ट्रिपल कॅमेरा" लिहू नका कृपा करून. रात्रीचा एक फोटो, घरातला एक फोटो, प्रत्येक मोबाइलनं काढून शेजारीशेजारी छापलात तर अजूनच बेस, पेपरच्या छपाईत पण फरक कळेल.

संध्याकाळचे ते दोन प्रिंट मी दुकानात काउंटरच्या मागं लावलेत, खाली काही लिहिलेलं नाही. येणाऱ्याला विचारतो यातला २०० चा कुठला. बहुतेक जण १२ वाल्यावर बोट ठेवतात. सोमवारवाले ते गृहस्थ नवीन मोबाइल दाखवायला आले तेव्हा त्यांनाही विचारलं, त्यांनीही तिथंच बोट ठेवलं. मी खरं सांगितल्यावर त्यांनी मोबाइल परत खोक्यात घातला, खोक्यावरचा तो मोठा आकडा बघितला आणि मलाच रागानं विचारलं, मग ह्याचे पैसे कशाचे घेतले त्यानं?

कळावे,
आपल्या पेपरचा जुना वाचक,
एक स्टुडिओवाला, कराड