मोठी माणसं जेवताना काय बोलतात

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, तुम्ही मागच्या फोनवर विचारलंत की एवढ्या मोठमोठ्या कंपन्या जिथे सुरू झाल्या तिथे राहतेस, तर त्या काढणारी माणसं दिसतात का कधी, काय बोलतात, आणि मी "सांगते सांगते" करून फोन ठेवला कारण माझी मीटिंग सुरू होत होती. खरं म्हणजे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतंच ते, म्हणून हे लांबलचक पत्र. आई, तुला जिथे कंटाळा येईल तिथे सोडून दे, पण डेनीजचं तेवढं वाच.

पहिली गोष्ट म्हणजे ही माणसं ऑफिसात सापडत नाहीत. ऑफिसात त्यांचं कॅलेंडर सापडतं. माणूस सापडतो तो खाताना. इथे ब्रेकफास्ट मीटिंग म्हणून एक प्रकार आहे, सकाळी साडेसातला लोक ऑम्लेट पुढ्यात घेऊन कंपनीत कोणाचा किती हिस्सा ह्याच्या गोष्टी करत असतात, आणि जवळपास प्रत्येकाचं एक ठरलेलं हॉटेल असतं, ठरलेलं टेबल असतं, आणि ते हॉटेल बघितलं की पहिल्यांदा वाटतंच की अरे, इथे??

आता डेनीज. ही इथली साधी चेन आहे, हायवेच्या कडेला असते, रात्रभर उघडी, अंडी, पॅनकेक, बर्गर आणि कॉफी, बस. सॅन होजेमध्ये बेरियेसा रोडवर एक डेनीज आहे, तिथे जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाकॉव्स्की आणि कर्टिस प्रीम असे तिघे इंजिनियर तासन्‌तास बसायचे आणि त्या बसण्यातून 1993 मध्ये एनव्हिडिया ही चिप कंपनी निघाली. हो बाबा, तीच, जिच्या शेअरबद्दल तुम्ही पेपरात वाचता आणि मला विचारता की आता घ्यावा का (मला नका विचारू). ह्वांगने नंतर कारण काय सांगितलं, तर म्हणे घरापेक्षा तिथे शांतता होती आणि कॉफी स्वस्त होती. बस एवढंच. आणि तिथली कॉफी अशी असते की एकदा कप घेतला की पुन्हा पुन्हा भरून देतात, पैसे एकदाच, म्हणजे एका कपाच्या पैशात चार तास बसायची सोय.

ह्याच्या आधीचा भाग आईसाठी. हाच ह्वांग शाळेत असताना पोर्टलंडच्या डेनीजमध्ये भांडी घासायचा. आधी भांडी, मग टेबलं उचलणं आणि मग वेटर, अशी बढती. आता सुद्धा मुलाखतीत तो हे अगदी चवीने सांगतो, की मी एका जागेवरून दुसरीकडे जाताना कधी रिकाम्या हाताने गेलो नाही आणि रिकाम्या हाताने परत आलो नाही. 2023 मध्ये त्या बेरियेसाच्या डेनीजमध्ये पाटी लावली, की एक ट्रिलियन डॉलरची कंपनी जिथे सुरू झाली तो हा कोपरा. एकावर बारा शून्यं. मी बघायला गेले तर आमच्या वेट्रेसला त्या पाटीचं काडीचं कौतुक नव्हतं, तिला फक्त आम्ही काय घेणार ते हवं होतं, आणि मला ते फार आवडलं. तेव्हा त्या तिघांनाही अशीच कोणीतरी कॉफी ओतली असणार, हे कोण, काय करतायत, ह्याच्याशी काही देणंघेणं नसलेली, फक्त "उठा आता" न म्हणणारी. पाटीवर तिचं नाव नाही, कसं असेल म्हणा.

दुसरं हॉटेल बक्स. वुडसाइड नावाचं झाडीतलं श्रीमंत गाव आहे, घोडे वगैरे पाळणाऱ्यांचं, तिथे 1991 पासून आहे. कंपन्यांत पैसे घालणारे लोक ज्या सँड हिल रोडवर बसतात तिथून गाडीने जवळ, म्हणून सकाळी सगळे इथे. आत छतापासून भिंतीपर्यंत इतकं काय काय टांगलेलं आहे की मेनूकडे लक्ष जात नाही.

पण बक्सची खरी गोष्ट 1999 मधली आहे. पेपाल माहितीये ना, पैसे पाठवायचं, तेव्हा त्या कंपनीचं नाव कॉन्फिनिटी होतं आणि त्यांची आयडिया होती की पाम पायलट नावाच्या खिशातल्या छोट्या कंप्युटरवरून दुसऱ्याच्या पाम पायलटवर पैसे सोडायचे, टीव्हीच्या रिमोटसारखं. तर नोकिया व्हेंचर्सवाल्यांनी ठरवलं की आपण जे 30 लाख डॉलर गुंतवतोय ते ह्याच पद्धतीने द्यायचे, बक्समध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. नुसता डेमो दाखवला असता तरी भागलं असतं, कोणाला कळणार होतं? पण मॅक्स लेवचिन, त्यांचा मुख्य प्रोग्रॅमर, कीव्हहून आलेला पोरगा, तो म्हणाला खोटं नाही करायचं, खरं सुरक्षित कोडच चाललं पाहिजे, आणि त्यासाठी तो आणि त्याची टीम रात्रीच्या रात्री जागली. पैसे गेले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. लेवचिनने ऑम्लेट मागवलं आणि ते येईपर्यंत टेबलावरच झोपला. जाग आली तेव्हा सगळे निघून गेले होते आणि शेजारी गार झालेलं ऑम्लेट. हे त्याने स्वतःच सांगितलंय. मला ह्या सगळ्या कंपनी-पुराणात ही एकच गोष्ट मनापासून खरी वाटते, कारण ह्यात त्याची शोभा होत नाही आणि तरी तो सांगतो.

आणि ह्याच लेवचिनची आणि कंपनीतला त्याचा भागीदार पीटर थील ह्याची पहिली गाठ कशी पडली? 1998 च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डला थीलचं भाषण होतं, लेवचिन आत शिरला ते मुख्यतः एसी होता म्हणून. श्रोते अगदी मोजके, त्यामुळे संपल्यावर बोलता आलं, आणि मग ठरलं की सकाळी हॉबीजमध्ये ब्रेकफास्टला भेटू. हॉबीज म्हणजे ब्लूबेरीच्या केकसाठी प्रसिद्ध असलेली इथली जागा, घरगुती टाइप. हॉल भरलेला असता तर तो ब्रेकफास्ट झाला असता का कोण जाणे.

बाबा, तुम्हाला सगळ्यात आवडेल ती जागा मात्र पोर्टोला व्हॅलीतली अल्पाइन इन. एकोणिसाव्या शतकातलं लाकडी खोपट, बाहेर झाडाखाली बाकं आणि टेबलं, बर्गर आणि बियर. 27 ऑगस्ट 1976 ला एसआरआय ह्या संशोधन संस्थेच्या लोकांनी आपली व्हॅन तिथे आणून लावली, व्हॅनमधून वायर ओढून बाहेरच्या टेबलावर टर्मिनल ठेवलं, आणि तिथून रेडिओच्या नेटवर्कवरून अर्पानेटवर, म्हणजे संशोधन संस्थांचे कंप्युटर जोडणाऱ्या तेव्हाच्या नेटवर्कवर, मजकूर पाठवला. दोन वेगळ्या जातीची नेटवर्कं एकमेकांशी नीट बोलली. आपण आज इंटरनेट म्हणतो त्याचं मूळ हेच, की माझं नेटवर्क वेगळं, तुझं वेगळं, तरी निरोप पोचला पाहिजे, आणि त्यासाठीचे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान ह्यांनी 1974 मध्ये लिहून काढले होते. बियरच्या गुत्त्यातच का? ऑफिसपासून लांब पण रेडिओच्या टप्प्यात अशी जागा हवी होती हे एक, आणि ही जागा त्यांच्या आवडीची होती हे दुसरं. आणि पाठवलं काय माहितीये? कुठलंही ऐतिहासिक वाक्य नाही, प्रोजेक्टचा नेहमीचा साप्ताहिक रिपोर्ट! आता तिथे पाटी आहे, आणि तिच्याखाली लोक तोंडाला मस्टर्ड लावून बसलेले असतात.

काही जागा गेल्या. माउंटन व्ह्यूमध्ये वॉकर्स वॅगन व्हील होतं, 60 आणि 70 च्या दशकात सेमीकंडक्टरवाले, म्हणजे चिप बनवणारे, ऑफिस सुटलं की तिथे. फेअरचाइल्ड, इंटेल, नॅशनल, सगळे एकमेकांचे स्पर्धक आणि सगळे एकाच बारमध्ये, आणि एखाद्याची चिप नीट निघत नसेल तर तो सरळ शेजारच्या कंपनीतल्या मित्राला विचारायचा की अरे तुमच्याकडे असं होतं का. बाहेरच्या लोकांना हे वेड्यासारखं वाटायचं. पण त्याच्यामागे एक कायदा पण आहे, कॅलिफोर्नियात 1872 पासून असं आहे की माणसाला दुसरीकडे जाऊन तोच धंदा करायला अडवणारा करार कोर्टात टिकत नाही. म्हणजे आज जो समोर बसून बियर पितोय तो उद्या तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करत असू शकतो, मग त्याच्याशी किती लपवालपवी करणार? 2003 मध्ये ती इमारत पाडली. तसंच मेनलो पार्कचं ओएसिस, जिथे होमब्रू कंप्युटर क्लबवाले मीटिंग संपल्यावर बर्गर खायला जायचे (हो, ॲपलच्या वॉझनियाकचा तो हौशी लोकांचा क्लब), ते 2018 मध्ये बंद झालं. जागेचे भाव असे झालेत की एका कॉफीवर चार तास बसू देणं हॉटेलवाल्याला परवडतच नाही, आणि मला वाटतं इथल्या लोकांना ह्याचं जेवढं वाईट वाटायला पाहिजे तेवढं वाटत नाही. नवीन ऑफिसांत फुकट कँटीन आहेत, जेवण उत्तम असतं, पण तिथे समोर आपल्याच कंपनीचा माणूस असतो ना.

बरं, हे झालं ऐकीव आणि वाचलेलं. माझं स्वतःचं सांगते. आमच्या ग्रुपमधून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मेमरी चिप्समध्ये आयुष्य गेलं, नावावर भरपूर पेटंट. त्यांचं आवडतं ठिकाण म्हणजे लाँड्री आणि नेल सलूनच्या मधोमध असलेलं एक व्हिएतनामी हॉटेल, तिथे ते कायम फो, म्हणजे नूडल्सचं सूपच घेतात, आणि मला आधीच ताकीद देतात की गरम असताना बोलायचं नाही, आधी खायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी अगदी मुलाखत घेतल्यासारखं विचारलं की तुमच्या यशाचं काय कारण, तर ते सूपकडे बघत "नशीब" म्हणाले आणि विषय संपला. मग मी विचारलं की कुठली चिप सगळ्यात जास्त छळली तुम्हाला. बाबा, दोन तास!! बिल आलं, ते बाजूला ठेवलं, चहा आला, तो संपला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मेमरी चिप्समधला एखादा बिट आपोआप बदलायचा, शून्याचा एक व्हायचा, आणि पुन्हा तपासलं तर चिप ठणठणीत. डिझाइनवाले म्हणायचे टेस्टिंगवाल्यांची चूक, टेस्टिंगवाले म्हणायचे वीजपुरवठ्याची. शेवटी 1978 मध्ये इंटेलच्या दोघांनी दाखवून दिलं की दोष चिपमध्ये नाहीच, चिप ज्या डबीत बंद करतात त्या डबीच्या सिरॅमिकमध्ये अगदी नखाएवढ्याच्याही नखाएवढं युरेनियम आणि थोरियम असतं, त्यातून अल्फा कण सुटतात आणि ते बिट उलटवतात. कोणी डबीकडे बघितलंच नव्हतं. हे सांगताना त्यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर चिप काढली, डबी काढली, कणाचे बाण काढले, आणि मला आपलं वाटत होतं की हा कागद मी घरी नेणार. उठताना त्यांनी त्याच कागदात वापरलेल्या चॉपस्टिक गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या. कंपाक ह्या कंप्युटर कंपनीचा पहिला कंप्युटर ह्यूस्टनच्या हाउस ऑफ पाइजमध्ये टेबलाच्या कागदावर काढला होता असं सांगतात, त्या कागदाचं सगळ्यांना अप्रूप, पण ज्यांना रोज असं काढायची सवय असते त्यांना त्या कागदाचं काहीच नसतं वाटतं.

त्यांनीच मला हॅरी नायक्विस्टचं सांगितलं. हे नाव मला कॉलेजपासून माहीत, आवाज डिजिटल करताना सेकंदाला किती नमुने घ्यायचे त्याच्या नियमात येतं. पण हे माहीत नव्हतं, की बेल लॅब्ज ह्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या पेटंटवाल्या वकिलांनी एकदा शोध घेतला की आपल्याकडे काही लोकांच्याच नावावर इतकी पेटंट का, त्यांच्यात समान काय आहे. शिक्षण वेगळं, विषय वेगळे. एकच धागा सापडला, ही मंडळी बऱ्याचदा नायक्विस्टबरोबर नाश्ता नाहीतर दुपारचं जेवण घ्यायची. आणि तो काही त्यांना आयडिया देत नव्हता, तो फक्त चांगले प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला बोलतं करायचा. म्हातारबुवांनी हे सांगितलं आणि लगेच मला विचारलं की तू सध्या कशात अडकलीयेस. मी पण सुरू झाले. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की आमची टेस्ट जिथे फसतेय तिथे आम्ही चुकीचं क्लॉक सिग्नल संशयित धरून बसलोय, आणि त्यांनी एकही उत्तर दिलं नव्हतं हं.

म्हणून बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की मोठी माणसं जेवताना बहुतेक वेळा न चाललेल्या गोष्टींबद्दल बोलतात, पण यशाबद्दल विचारलं तर तेच बोलतात जे यूट्यूबवर आधीच आहे, आणि ते तुम्हाला घरबसल्या मिळतं. पुढच्या महिन्यात म्हातारबुवांना अल्पाइन इनला नेणार आहे. त्यांच्या बायकोने मला बजावलंय की बर्गर चालेल, फ्राइज नाहीत, तेव्हा ती जबाबदारी माझ्यावर. तुम्हाला त्यांना काही विचारायचं असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवा, पण "सक्सेसचं सिक्रेट" वगैरे नको, सूपकडे बघतील.

आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का ते लिही, फोनवर विषय बदलतेस तू. थांबते आता, उद्या सातला टीमचा ब्रेकफास्ट आहे आणि माझ्या स्लाइड्स अजून अर्ध्याच झाल्यात.

तुमची,
मनू