दिद्दा राणी: पालक कधी, सार्वभौम कधी?

महोदय,
आपल्या लेखात काश्मीरची दिद्दा ९५८पासूनच सार्वभौम ठरवली आहे. तसे नाही. तिचा नवरा राजा क्षेमगुप्त वारल्यावर गादीवर बसला तिचा अल्पवयीन मुलगा अभिमन्यू. दिद्दा पालक म्हणून कारभार पाहत होती. ९७२मध्ये तोही गेला, मग एकामागोमाग तिचे तीन नातू गादीवर आले. तिचे स्वतःच्या नावाने राज्य साधारण ९८० ते १००३. घोळ नाण्यांमुळे होतो: त्यांवरची ‘दि क्षेमगुप्त’ (‘दि’ म्हणजे दिद्दा) ही अक्षरे नवऱ्याच्या हयातीतली आहेत.

लेखात तिचे खरे कसब राहूनच गेले. महिमन् आणि पाटल बंड करून उठले तेव्हा तिने मुलाला शूरमठात हलवले आणि ललितादित्यपुरच्या ब्राह्मणांना सोने चारून बंडाची फळी फोडली. बंडखोरांतून फुटलेल्या यशोधराला सेनापतिपद दिले. पुढे तोही उलटला. मंत्री नरवाहन मात्र एकनिष्ठ राहिला. पण दिद्दाचे कान भरले गेले, तिने त्यालाच दुखावले आणि त्याने जीव दिला.

– एक वाचक