आई, तुझ्याबद्दल लिहू का?

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, "पैसे द्यायचे तर सरळ द्या, त्यासाठी बेचाळीस किलोमीटर पळायचं कशाला?" हा तुमचा मुद्दा हिशेबाला धरून आहे. पण देणगीचे पैसे नुसते मागितले की लोक "बघू" म्हणतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळतेय म्हटलं की निम्म्या कौतुकानं, निम्म्या लाजेनं खिशात हात जातो. चहाचे पैसे कधी न काढणाऱ्या आमच्या साहेबांनी दोन हजार दिले!

काळजी नको. टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतलीय, दोन्ही छान. पहाटे सीएसएमटीहून निघायचं, उन्हं चढायच्या आत होईल तेवढं अंतर उरकायचं. परतीचा पेडर रोडचा चढ तेवढा जीव काढतो म्हणतात. तिथं लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं घेऊन उभे असतात.

आई, पैसे ऱ्हुमॅटिक तापाच्या मुलांसाठी आहेत. तुझाच आजार. घसा दुखतो, मग ताप, गुडघे सुजतात. पोर पुन्हा खेळायला लागलं की घरचे विसरतात. आजीलाही "वाढीच्या वयात दुखतं असं" म्हणूनच सांगितलं होतं ना? हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक म्हणतात. वेळेत कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, आणि हृदयाची झडप वाचू शकते. पण ते कमरेत असं दुखतं की पोरं लंगडतात, मग मधेच सोडून देतात. मी जिच्यासाठी पळतेय त्या संस्थेची माणसं घरी जाऊन तारीख चुकू देत नाहीत. झडप गेलीच असेल, तर ऑपरेशनचा खर्च उचलतात.

तुला बसवली ती चित्रा झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली, 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवली. परदेशी झडपेच्या मानानं पुष्कळ स्वस्त, म्हणून बाबांच्या पगारात आणि मामाच्या उसनवारीत भागलं. रात्री तुझ्या कुशीत झोपलं की तिची टिकटिक ऐकू यायची. एसटीत शेजारच्या बाईनं "घड्याळ कुठंय हो?" विचारलं, तेव्हा तू पदर घट्ट ओढून घेतलास. माझ्या लग्नातही तू मुद्दाम बंद गळ्याचा ब्लाउज शिवलास, विहिणींना व्रण दिसू नये म्हणून. आणि रक्त पातळ ठेवणारी एसिट्रॉमची गोळी डब्यात, "बीपीची आहे" म्हणून!

देणगीच्या आवाहनात मी सध्या "एक बाई" असं लिहिलंय. वाचणाऱ्याला ते कुणाचंच वाटत नाही. तिथं "माझी आई" लिहू का? नाव, गाव, फोटो काही नाही. नको वाटलं तर नको म्हण, मी कुरकुरणार नाही. पण बाबांना विचारून नव्हे, तुझं तू सांग. रविवारी फोन करते.

बाबा, तुमचे पाचशे पोचले. करसवलतीची पावती मेलवर येईल, प्रिंट काढून ठेवा.

तुमची,
मनू