पदकाची कड वाचून दिल्याबद्दल

आदरणीय सुभेदारसाहेब,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय.

आजोबांची दोन्ही पदकं इतकी वर्षं आत्याच्या ट्रंकेत होती. घरात सगळे त्यांना शौर्यपदकंच म्हणायचे, आणि दर गणपतीत पराक्रमाची गोष्ट थोडी वाढायची. तुम्ही आलात तेव्हा आत्या ती चिंच लावून घासायच्या बेतात होती. तुम्ही वाटी बाजूला सारलीत आणि म्हणालात, “ताई, घासाल तर नाव जाईल.” पदकावर नाव आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! मग खिडकीशी जाऊन गोल पदक तिरकं धरलंत आणि भिंगातून कडेवरचं एकेक अक्षर लावत गेलात. नंबर, हुद्दा, आजोबांचं नाव, मराठा लाइट इन्फंट्री. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पार वाकडं, पण माणूस आमचाच. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरीच मिळाली, हिंदी सैनिकांना मात्र नाव घालून, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पुढचं सांगणं सोपं नव्हतं, आत्या समोरच बसलेली. तरी आडपडदा न ठेवता सांगितलंत की ही शौर्यपदकं नव्हेत. एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला सिंह असलेलं ते १९३९-४५ चं वॉर मेडल, २८ दिवस सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळालेलं. सहा टोकांचा तो इटली स्टार, त्या आघाडीवर गेलेल्यांचा.

आत्याचा चेहरा उतरला. त्यावर तुम्ही जे बोललात, त्यासाठी खरं तर हे पत्र. हिंदुस्थानी फौजेत सक्तीची भरती नव्हतीच, सुमारे २५ लाख माणसं आपणहून नाव नोंदवून गेली. “तुमच्या वडिलांना कुणी ओढून नेलं नव्हतं, ताई.” लगेच हेही जोडलंत, की पोटासाठी गेलेले त्यात पुष्कळ होते, त्याची लाज नको आणि त्याला मुलामाही नको. हे दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. मुलामा द्यायला आम्ही तयारच होतो.

चुलतभावाने ‘इंग्रजांची चाकरी’ म्हणून टोमणा मारला, तेव्हाही तुम्ही चढ्या आवाजात बोलला नाहीत. इटलीत जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे लढताना कसे धारातीर्थी पडले, एप्रिल १९४५ मध्ये तिथल्याच सेनिओ नदीतून नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना कसं उचलून आणलं, एवढंच सांगितलंत. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि दोघेही मराठा पलटणीतले. भाऊ गप्प झाला. पटलं की नाही, कोण जाणे.

कडेवरचा नंबर घालून बेळगावला, मराठा पलटणीच्या केंद्रात, आजोबांच्या सेवेच्या रेकॉर्डसाठी अर्ज केला आहे. उत्तर आलं की त्यातली फौजी लघुरूपं उलगडायला पुन्हा तुम्हालाच त्रास देणार. आत्याने पेट्रोलचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, या वेळी नाही म्हणायचं नाही.

आपला,
एका जवानाचा नातू