पुराआधी ड्राइव्ह उतरवून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले याच्या बातम्या सुरू झाल्या की बोटींची शोधाशोध होते. बोट तोवर आठ महिने ताडपत्रीखाली पडून असते. बॅटरी लावली, इंजिन लागले, की 'बोट तयार' असे सांगून सगळे मोकळे होतात. स्टर्नड्राइव्हच्या बोटीला हे अजिबात लागू नाही. या बोटीत इंजिन आत, मागच्या फळीला (ट्रान्सम) लागून बसते आणि पंख्याचा पाय, म्हणजेच ड्राइव्ह, फळीच्या बाहेर लटकतो. बिघाड होतो तो या दोघांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा ड्राइव्ह उतरवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ज्यांच्या ताब्यात अशी बोट आहे, मग ते सरकारी खाते असो, मच्छीमार संस्था असो की खासगी मालक, त्यांनी एप्रिल-मे महिन्यात ड्राइव्ह उतरवून तपासावा, यासाठी हे पत्र.

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (मागचे जड चाक) रबर भरलेला कपलर, म्हणजे जोडणीचा दातेरी तुकडा, असतो. ड्राइव्हचा शाफ्ट ट्रान्सममधल्या जिंबल बेअरिंगमधून आत येऊन त्या कपलरच्या दात्यांत बसतो. बेअरिंगच्या बाहेर युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला वळू देणारा सांधा), आणि जॉइंटला पाणी लागू नये म्हणून त्यावर रबरी बेलो, म्हणजे घड्यांची नळी. आपल्याकडच्या उन्हात पहिला मरतो तो हा बेलो. ड्राइव्ह वर उचलून ठेवला की त्याच्या घड्या एका बाजूला ताणल्या जातात आणि 44-45 अंशांच्या उन्हात तिथेच चिरतात. त्यामुळे बोट उभी असताना ड्राइव्ह पूर्ण खाली सोडलेला हवा. तपासताना घडी बोटांनी उघडून आतली खाच बघावी, वरून बेलो नवाच दिसतो. दोन-तीन वर्षांत चिरा असोत-नसोत तो बदलावा. फाटलेल्या बेलोतून पाणी आधी जॉइंट गंजवते, मग बेअरिंग खाते, आणि शेवटी बेअरिंगमधूनच बोटीच्या तळात उतरते. स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर मागून घरघर वाढली, तर जिंबल बेअरिंग किंवा जॉइंट गेला असे धरून चालावे.

ड्राइव्ह उतरवणे अवघड नाही. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा जातीत गिअर फॉरवर्डला टाकायचा, ट्रिम सिलिंडरच्या (ड्राइव्ह वर-खाली करणारे) मागच्या पिना काढायच्या आणि 5/8 इंची पान्याने सहा नट सोडायचे. वजन मात्र एकट्याचे नाही. चेन पुली लावावी, किंवा दोन जाणती माणसे हवीत. ड्राइव्ह मागे आला की जॉइंटचे क्रॉस हाताने फिरवावेत, कुठे अडखळले किंवा खडखडले तर बदलावेत. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावे, रेती असल्यासारखे लागले तर ते बेअरिंग परत बसवण्यात अर्थ नाही.

आता अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट एका रेषेत आणणे. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि सर्वांत महाग भुर्दंड हिचाच पडतो. यासाठी अलाइनमेंट बार नावाची सरळ सळई लागते. त्याचा जाड भाग जिंबल बेअरिंगमध्ये आणि टोक कपलरच्या दात्यांत बसते. टोकाला ग्रीसचा पातळ हात द्यावा, बार सरळ आत सरकवावा आणि न फिरवता बाहेर काढावा. बार दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर व्हायला हवा. ग्रीसवर दात्यांचे ठसे चहूबाजूंनी सारखे उमटले तर अलाइनमेंट बरोबर. ठसा फक्त वर किंवा फक्त खाली असेल तर इंजिन ज्यावर बसते त्या पुढच्या दोन पायांची (माउंट) उंची बदलायची. दोन्ही पायांचे नट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवावेत आणि प्रत्येक वेळी बार घालून बघावे. एकच पाय उचलला तर इंजिन कलते. लॉकनट आवळल्यावर बार पुन्हा एकदा घालावाच, कारण आवळतानाच जागा हलते. ठसा डावी-उजवीकडे येत असेल तर पुढचे पाय छेडू नयेत. बेअरिंग आपल्या घरात तिरके झाले असेल, बार हलकेच ठोकून ते सरळ करावे. तरीही ठसा हटला नाही तर मागचे माउंट आणि खालचे लाकूड बघावे. फायबरच्या आतले लाकूड कुजले की माउंटचे बोल्ट कितीही आवळले तरी धरत नाहीत, आणि पुढच्या मोसमात अलाइनमेंट पुन्हा जाते.

चुकीच्या अलाइनमेंटमध्ये बोट चालते, त्यामुळे मालक निर्धास्त राहतो. आत मात्र प्रत्येक फेऱ्याला कपलरचे रबर पिळले जाते, तापते, दाते झिजतात. फ्लायव्हीलच्या घरात काळा भुगा आणि जळक्या रबराचा वास ही त्याची खूण. शेवटी रबर सुटते: हळू चालवली की बोट पुढे जाते, रेस दिली की इंजिनाचे फेरे वाढतात आणि बोट जागेवरच. प्रवाहात, माणसे बसलेली असताना असे झाले तर काय, हे वेगळे सांगायला नको. कपलर बदलायला इंजिन पुढे ओढावे किंवा बाहेर काढावे लागते.

हे काम मुंबईचाच माणूस करू शकतो, ही समजूत चुकीची आहे. तापीकाठच्या उपसा सिंचन योजनांवर मोटर आणि पंपाचे कपलिंग डायल गेज लावून जुळवणारे फिटर शहादा, शिंदखेडा, चोपडा भागात आहेत. तत्त्व तेच आहे, त्यांच्या हातात फक्त बार नाही. बोट खरेदी करतानाच आपल्या मॉडेलचा बार, बेलोचा संच आणि गॅस्केट-ओ रिंग मागून घ्याव्यात. गावच्या लेथवर पाइप तासून बार करू नये, त्याच्या वाकडेपणाने इंजिनच वाकडे बसवले जाईल. नर्मदेच्या फुगवट्यावर अक्कलकुवा, धडगावच्या काही गावांना बोटीशिवाय दवाखाना गाठता येत नाही. तिथे हा संच काठावर हवा, जिल्ह्याच्या गोदामात नको.

जाता जाता, साध्या शाफ्टच्या डिझेल बोटी असणाऱ्यांसाठी. त्यांची अलाइनमेंट बोट पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावरच करावी, जमिनीवर केलेली टिकत नाही. कपलिंगच्या तोंडामधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चार बाजूंना मोजावी. व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच एवढाच फरक चालतो. चार इंची कपलिंगला चार हजारांश, म्हणजे 0.1 मिलिमीटर.

आता पुन्हा स्टर्नड्राइव्हकडे. ड्राइव्ह परत चढवण्याआधी गिअर ऑइल बदलावे, एरवीही ते 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचेच असते. खालचा आणि वरचा दोन्ही स्क्रू काढून जुने तेल पूर्ण बाहेर काढावे. तेल दुधाळ असेल तर सील गेले, स्क्रूच्या चुंबकावर चुरा असेल तर गिअर. नवे तेल खालच्या भोकातून पंपाने, वरून बाहेर येईपर्यंत भरावे, वरून ओतल्यास आत हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावावा, मग पंप काढून खालचा, दोन्हींना नवे वायसर. सील बहुतेक वेळा जाते ते पंख्यामागे गुंडाळलेल्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने. प्रकाशा-सारंगखेड्याच्या पाण्यात जाळी कमी नाहीत, म्हणून दर महिन्याला पंखा काढून तो दोरा कापावा. पुराच्या गाळाने पाण्याच्या पंपातले रबरी इंपेलर लवकर खाल्ले जाते. ते वर्षाला बदलावे, आणि पाते तुटले असेल तर तुकडा शोधून काढावा, नाहीतर तो पुढे जाऊन थंड पाण्याची वाट बंद करतो. बोट जमिनीवर असताना पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय इंजिन लावू नये.

अॅनोडबद्दलही (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) सांगायला हवे, कारण दुकानात सरसकट जस्ताचे देतात. ते समुद्रासाठी. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते काम थांबवते आणि ड्राइव्हच्या अॅल्युमिनियमला खड्डे पडू लागतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे किंवा अॅल्युमिनियमचे लावावे, आणि त्यावर रंग मारू नये.

चढवताना शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस, नवे गॅस्केट आणि ओ रिंग. दाते जुळत नसतील तर पंखा घड्याळाच्या उलट थोडा फिरवावा. ड्राइव्ह हाताने ढकलून फळीला टेकला पाहिजे. नट आवळून तो आत ओढू नये, दाते तिथेच मोडतात. नंतर सहाही नट समोरासमोरच्या जोडीने 50 फूट-पाउंडला (68 न्यूटन-मीटर) आवळावेत. हा आकडा मर्क्रूझरचा आहे, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला तिचेच पुस्तक बघावे. बोट पाण्यात सोडल्यावर अर्धा तास कोणालाही बसवू नये. इंजिनाखालचा तळ आधी कोरडा पुसून ठेवावा आणि ट्रान्समच्या कडेने टॉर्च मारून बघावा. तिथे पाण्याची एक रेघ जरी उतरली असेल तर बोट परत ट्रेलरवर घ्यावी.

आपले,
बोटींच्या इंजिनांची कामे करणारे फिटर,
प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार)