‘शून्य विसर्ग’ म्हणजे पाणी जाते कुठे?

मा. संपादक,
स. न.

भद्रावती परिसरात कोळशापासून वायू बनवण्याचे कारखाने येणार, अशा बातम्या वाचतो आहे. 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचे वायूकरण हे केंद्राचे उद्दिष्ट. जानेवारी 2024 मध्ये त्यासाठी 8,500 कोटी रुपये मंजूरही झाले. रोजगारावर भरपूर बोलणे होते. सांडपाण्याचा विषय निघाला की मात्र ‘शून्य विसर्ग’, म्हणजे बाहेर थेंबही सोडणार नाही, हे दोन शब्द, संपले.

माझी नोकरी एका पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा बंद भट्टीत तापवून कोक बनवतात तिथे गेली. कोळसा तापला की वायूबरोबर डांबर, अमोनिया, सायनाइड आणि फिनॉल म्हणजे विषारी कार्बोलिक आम्ल निघते आणि वायू धुतला की ते पाण्यात उतरते. कार्बोलिक साबणाचा वास आठवणाऱ्यांना त्या पाण्याची वेगळी ओळख नको. आम्ही ते नाल्यात सोडत नव्हतो, हे खरे. लालबुंद कोक विझवायला तेच वापरायचो. वाफेचा ढग उठायचा आणि फिनॉल त्याच्याबरोबर वस्तीवर. कागदावर विसर्ग शून्य!

वायूकरणात भट्टी कोणती, यावर पुष्कळ ठरते. 1,300 अंशांवरच्या भट्टीत फिनॉल टिकत नाही. पण तिथे राख वितळवावी लागते. आपल्या कोळशात राखच 35-40 टक्के, ती वितळवणे जड जाते. ओडिशात अंगुलला लुर्गी पद्धतीची भट्टी आहे. तिच्यात तापमान कमी, त्यामुळे धुवणाच्या पाण्यात लिटरमागे हजारो मिलिग्रॅम फिनॉल येऊ शकते. नदीनाल्यात सोडायची आपली मर्यादा आहे 1 मिलिग्रॅम. फिनॉल खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू असतात, पण एवढे फिनॉल थेट त्यांच्यापुढे ठेवले तर तेच मरतील. आधी द्रावकाने फिनॉल ओढून घ्यायचे, वाफेने अमोनिया काढायचा, मग जिवाणूंची टाकी. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ब्यूला इथे 1984 पासून चालणाऱ्या कारखान्यात फिनॉल वेगळे काढून विकतात. पण उरलेले पाणी तिथेही कूलिंग टॉवरलाच, म्हणजे पाण्याची वाफ करून गारवा देणाऱ्या मनोऱ्यालाच जाते. म्हणजे पुन्हा हवा. आटवले, तर मागे मिठाचा ढीग.

तेव्हा दिवसाला किती किलो फिनॉल निघणार, किती विकणार, किती उडणार आणि मीठ कुठे पुरणार, हा हिशेब जनसुनावणीआधी मराठीत हाती द्यावा. आणखी एक. कारखाना अचानक बंद पडला की जिवाणू उपाशी पडतात. ते पुन्हा उभे राहायला कित्येक आठवडे जातात. तेवढ्या दिवसांचे पाणी मावेल अशी टाकी नकाशात दाखवली, तर मी सुनावणीत गप्प बसेन.

– एक निवृत्त कोक ओव्हन कर्मचारी, चंद्रपूर