‘स्मार्ट’ मेम्ब्रेनची खरी परीक्षा कारखान्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रासायनिक मिश्रणे वेगळी करणाऱ्या ‘स्मार्ट’ मेम्ब्रेनविषयीचा (मेम्ब्रेन म्हणजे काही घटक पलीकडे जाऊ देणारा आणि काही अडवणारा पातळ पडदा) लेख आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. हा विषय मराठीत सविस्तर मांडला गेला याचा आनंद झाला. मात्र शोध लागला आहे, आता तो कारखान्यात नेऊन बसवायचा तेवढा बाकी आहे, असा लेखाचा एकंदर सूर होता. वापरलेली सॉल्व्हंट, म्हणजे पदार्थ विरघळवणारी द्रवे, परत मिळवण्याच्या विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तो पटत नाही, म्हणून हे पत्र.

मेम्ब्रेनची गरज आहे, याबद्दल वाद नाही. अमेरिकेतील डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, त्या देशातील उद्योगांच्या ऊर्जावापरापैकी जवळपास निम्मी ऊर्जा निव्वळ पदार्थ एकमेकांपासून वेगळे करण्यात खर्च होते आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा असतो. उकळून वाफ करायची, ती थंड करून पुन्हा द्रव करायचा, या फेऱ्यातून मेम्ब्रेनमुळे सुटका झाली तर इंधनाचे बिल किती उतरेल, हे बॉयलर सांभाळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

लेखात ‘स्मार्ट’ म्हणून ज्यांचे कौतुक होते त्या मेम्ब्रेनच्या छिद्रांत तापमानाला किंवा आम्लतेला प्रतिसाद देणाऱ्या पॉलिमरच्या (लांबच लांब रेणूंच्या) साखळ्या बसवलेल्या असतात. आयसोप्रोपिल ॲक्रिलअमाइडपासून बनवलेला पॉलिमर यात सर्वाधिक वापरला जातो. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या खाली तो पाणी शोषून फुगतो आणि छिद्र अरुंद करतो. त्याच्यावर गेले की आक्रसतो आणि छिद्र मोकळे होते. प्रयोगशाळेत हे पाहताना खरोखर गंमत वाटते. पण कारखान्यात ताशी काही घनमीटर द्रव वाहत असताना केवळ छिद्रे उघडावीत म्हणून तो सगळा द्रव तापवायचा आणि मिटावीत म्हणून पुन्हा गार करायचा, तर वाचवलेली उष्णता त्यातच जाणार. आम्लतेवर चालणाऱ्या प्रकाराची गतही फारशी वेगळी नाही. दर फेरीला आम्ल आणि अल्कली घातले की त्यांचे मीठ तयार होते आणि ते काढण्याचे नवे काम मागे लागते. अडकलेला गाळ सैल करण्यासाठी अधूनमधून तापमान बदलणे, एवढ्यापुरता हा गुण उपयोगी पडेल असे मला वाटते. प्रत्यक्ष पृथक्करणाचा भार त्याच्यावर टाकण्याआधी छिद्रे उघडण्या-मिटण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या या उष्णतेच्या किंवा आम्लाच्या इशाऱ्याची किंमत कोणीतरी मांडून दाखवली पाहिजे.

याहून मोठी अडचण टिकाऊपणाची आहे. लोब आणि सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सेल्युलोज ॲसिटेटचे मेम्ब्रेन तयार केले आणि त्यातून पुढे आरओचा, म्हणजे दाब देऊन पाण्यातले क्षार गाळण्याचा, उद्योग उभा राहिला. (यातले श्रीनिवास सौरीराजन आपल्याकडचे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.) तिथे सामना पाणी आणि मीठ यांच्याशी होता. टोल्यूइन किंवा डायमिथिल फॉर्मामाइड यांसारख्या सॉल्व्हंटपुढे बहुतेक पॉलिमर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. आमच्या कारखान्यात चाचणीसाठी आणलेले एक गुंडाळी पद्धतीचे मॉड्यूल (मेम्ब्रेनची पाने आणि जाळी एकत्र गुंडाळून केलेली नळी) बंद पडल्यावर आम्ही ते करवतीने उभे कापले होते. मेम्ब्रेनचा थर बऱ्यापैकी शाबूत होता, पण पाने जिथे चिकटवलेली होती ती डिंकाची कड लिबलिबीत होऊन सुटली होती आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनात तपकिरी, चिकट थर बसला होता. शोधनिबंधात गुण मिळतात ते मेम्ब्रेनला. कारखान्यात मात्र डिंक, जाळी, रबरी रिंग आणि आधीचा फिल्टर हे सगळे टिकावे लागते.

हे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. टेक्सासमधील बोमाँट येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगणतेलातील मेण काढताना वापरलेले सॉल्व्हंट परत मिळवण्यासाठी १९९८ पासून पॉलिइमाइड या पॉलिमरचे मेम्ब्रेन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सहसंयुजी सेंद्रिय जाळ्यांपासून (सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र चौकटींपासून) स्वतःच्या आधारावर उभी राहणारी सच्छिद्र मेम्ब्रेन तयार करण्याचे उत्तम काम झाले आहे. पण तळहातावर मावणारा नमुना आणि आठ इंची मॉड्यूल यांत मोठे अंतर असते. अशा एका आरओ मॉड्यूलमध्ये साधारण ३७ चौरस मीटर मेम्ब्रेन गुंडाळलेले असते आणि त्यात एखादी बारीक चीर राहिली तरी शुद्धतेचे गणित कोसळते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचे उदाहरण पाहावे. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे जात नाही, कारण तिथे वाफेतले आणि द्रवातले प्रमाण सारखेच होते. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के शुद्धता लागते. उरलेले पाणी आपल्याकडे प्रामुख्याने झिओलाइट या पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांनी काढतात. फ्रान्समध्ये बेथेनिव्हील येथे हेच काम मेम्ब्रेनने करणारा मोठा प्रकल्प १९८८ मध्येच सुरू झाला होता. तरीही आपल्या डिस्टिलऱ्या मण्यांवरच राहिल्या, यात मला मागासलेपण दिसत नाही. बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफ स्वस्तात मिळते आणि मणी वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा हा बदल सहज परवडणारा नाही. औषध कारखान्यांचे तसे नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, टेट्राहायड्रोफ्युरान यांसारख्या सॉल्व्हंटमधले पाणी काढणे महागात पडते आणि सॉल्व्हंटही महाग असते. मेम्ब्रेनला पहिली संधी तिथे द्यावी.

म्हणून सूचना अशी की, तारापूर, लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ यांसारख्या औद्योगिक वसाहतींत शासनाने चाकांवरची लहान चाचणी संयंत्रे फिरवावीत आणि लघुउद्योजकाला स्वतःच्या खऱ्या द्रवावर निदान काही महिने मेम्ब्रेन चालवून पाहता यावे. चाचणीचे आकडे, फसलेल्या प्रयोगांचेही, जाहीर व्हावेत. मेम्ब्रेन काहीही नष्ट करत नाही. एका बाजूला स्वच्छ द्रव निघतो तेव्हा दुसऱ्या बाजूला घट्ट झालेला गाळ उरतो, आणि तो शेवटी सामायिक सांडपाणी केंद्रात जाणार की भट्टीत, हे ठरल्याशिवाय अनुदान देऊ नये. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी अशा शोधाची बातमी देताना ते मेम्ब्रेन खऱ्या मिश्रणात किती तास चालले, हे संशोधकांना विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रक्रिया अभियंता, चिपळूण